जूनपर्यंतची वाकडी टीप

हे झालं १९८८ च्या उन्हाळ्यात. सेंट लुईसमध्ये त्या वर्षी इतकं उकडत होतं की रात्री नदीकडूनही वाऱ्याची झुळूक येत नव्हती. माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं गॅरेज रिकामं पडलं होतं, म्हणून मी ते जावयाला वापरायला दिलं. वेंडेल विमा विकायचा, आणि पुरुषांना पन्नाशीच्या आसपास जो एक नाद लागतो तो त्याला जुन्या गाड्यांचा लागला होता. त्यानं ओक्लाहोमातल्या कुठल्याशा कोठारातून १९६१ ची किंगबर्ड आणली. दोन माणसांची, उघड्या छताची, बाहेरून पांढरी, आतून लाल.

किंगबर्ड आमच्याच गावात बनायची, ऑर्ली कंपनीच्या कारखान्यात. त्या गाडीच्या बैठकांची कव्हरं मी अकरा वर्षं शिवली. वेंडेलला हे माहीत होतं. गॅरेजमध्ये मित्र आले की तो सांगायचा, “आमच्या सासूबाई तर कारखान्यातल्याच,” आणि मित्र माझ्याकडे जुना हातपंप बघावा तसे बघायचे.

वर्षभरात इंजिन झालं, रंग झाला. आतलं काम तेवढं राहिलं होतं. मला वाटलं, आता लाल रेक्झिनचे तुकडे येतील, त्यातली बरी छटा निवडायची, नवा गालिचा कापायचा, झालं. पण या लोकांचा नियमच उलटा. सप्टेंबरमध्ये किंगबर्डवाल्यांचा मेळावा भरायचा आणि तिथं परीक्षक गुण द्यायचे. गाडी सुंदर असून चालत नाही, ती कारखान्याच्या फाटकातून निघाली त्या दिवशी होती तशीच असावी लागते. त्याहून चांगली असली तर गुण कापतात.

एकदा दुपारी लिंबूसरबत घेऊन गेले, तर वेंडेल गाडीत पालथा पडून गालिच्याखाली ब्रशनं सरसाचे ओघळ काढत होता. चुकून सांडलेले नव्हेत, मुद्दाम काढलेले, फोटोत बघून. दाराच्या पॅनलचा एक स्क्रू तिरका बसवायचा, बैठकीच्या तळाला खडूनं वेडावाकडा आकडा टाकायचा, हे सगळं त्याच्या यादीत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी आम्ही बायकांनी बोलणी खाल्ली होती. आमचा फोरमन गेट्झ मागून यायचा, सरसाचा डाग पडलेलं पॅनल टेबलावर आपटायचा आणि विचारायचा, तुझ्या घरी हेच चालतं का. आता त्याच डागाला पदक. मी ग्लास ठेवला आणि घरात आले.

जुलैत वेंडेलनं मिस्टर थर्लो यांना सल्ल्यासाठी बोलावलं. हे गृहस्थ निवृत्त औषधविक्रेते. किंगबर्डच्या अंतर्भागाबद्दल त्यांचा शब्द अखेरचा, असं वेंडेल दबक्या आवाजात म्हणाला. त्यांनी देशभर हिंडून शेकडो गाड्यांच्या आत डोकं घालून नोंदी केल्या होत्या. मी परसात पोर्क स्टेक भाजले, त्यांनी दोन खाल्ले, नीट हात धुतले आणि मग गाडीत वाकले. नवी कव्हरं पाहून त्यांनी मान हलवली.

ड्रायव्हरच्या बैठकीची बाहेरची कड त्यांना पसंत नव्हती. तिथं गोटाला लागून टीप असते. विकत आणलेल्या कव्हरावर ती सरळ होती. ते म्हणाले, १९६१ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंतच्या प्रत्येक गाडीत ही टीप खांद्यापाशी गोटापासून बोटभर सुटते आणि खाली परत येऊन मिळते. वेंडेलची गाडी एप्रिलमधली. टीप सरळ ठेवली तर दोन गुण जाणार. मात्र ती वाकडी कुणाला जमत नाही. त्यांच्या स्वतःच्या गाडीतही मुद्दाम वाकडी मारून घेतली होती, पण ती नाटकी दिसते, आणि हे त्यांना रात्रंदिवस खुपत होतं.

वेंडेलनं माझ्याकडे पाहिलं. “आई, तुम्हाला येईल की.”

माझ्या हातात काट्याचमच्यांचा ट्रे होता. मी तो खाली ठेवला आणि थर्लोंना विचारलं, “कधीपर्यंत म्हणालात?”

“जूनपर्यंत. दुसऱ्या आठवड्यानंतरच्या एकाही गाडीत नाही.”

“आणि मार्चनंतरच्या गाड्यांत आहे?”

“मार्च, एप्रिल, मे, सगळ्यांत. मिसेस ब्रिंकमन, मी डोळ्यांनी पाहिल्यात.”

मी खुर्चीत बसले. ती टीप मी चांगलीच ओळखत होते. आसुंताला तिच्यापायी काढलं होतं.

आसुंता बर्तोलाझी माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. गावातल्या हिल भागातल्या इटालियन वस्तीतली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. हात असा की तिची टीप बघून दोरा ओळंब्याला बांधलाय असं वाटावं. त्या फेब्रुवारीत रेक्झिन कापायचा साचा झिजला आणि कडेचा तुकडा आखूड येऊ लागला. आखूड तुकडा लांब तुकड्याला जोडायचा तर ओढावा लागतो, आणि ओढला की टीप पळते. आम्हा सगळ्यांचीच पळायची. आसुंता तेवढी गेट्झकडे गेली आणि साचा बदला म्हणाली. एकदा नाही, रोज म्हणत राहिली. मार्चमध्ये विक्रेत्यांकडून तक्रारी आल्या तेव्हा गेट्झनं तिच्या हातची चार कव्हरं सगळ्यांसमोर टेबलावर टाकली आणि तिला घरी पाठवलं. साचा जूनमध्ये बदलला, नवं मॉडेल आलं तेव्हा.

मी गप्प बसले नव्हते. गेट्झला सांगितलं, युनियनच्या माणसाला सांगितलं, तिच्या भावाला त्याच्या घरी जाऊन सांगितलं. रेमो रंगखात्यात होता, त्याच्याच शब्दावर तिला नोकरी लागली होती. तो म्हणाला, “तू तिची मैत्रीण. तू दुसरं काय सांगणार.” बहिणीनं आपलं नाक कापलं, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं. हिलवर बातमी पोचायला चर्चची एक घंटा पुरते. तिला ‘वाकडी आसुंता’ म्हणू लागले. त्या वस्तीत दर शनिवारी लग्नं, आणि एकाही नवरीनं आपला झगा तिच्याकडे शिवायला दिला नाही. सत्तावीस वर्षं ती दूरच्या एका लाँड्रीत परक्यांच्या पँटी आखूड करत बसली. भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. बोलायचे ते कुणाच्या मयतीलाच.

आता हे औषधवाले माझ्या गॅरेजात उभं राहून सांगत होते की जूनपर्यंत टीप वाकडीच होती. मी सत्तावीस वर्षं जे सांगून थकले, ते त्यांना गाड्यांचं कौतुक म्हणून माहीत होतं. मी विचारलं, इतक्या गाड्या पाहिल्यात, ती वाकडी का, हे कधी मनात आलं नाही? ते शांतपणे म्हणाले, “कारणाला गुण नसतात, बाई.”

मग मी त्यांना सौदा सांगितला. टीप हुबेहूब होईल, वेंडेलच्या गाडीत आणि त्यांच्याही. त्याआधी त्यांनी रविवारी माझ्याबरोबर हिलवर यायचं आणि आत्ता मला जे सांगितलं ते एका माणसापुढं सांगायचं. थर्लो म्हणाले, मी गाड्यांची परीक्षा करतो, माणसांची नाही. “मग टीप सरळच राहील,” मी म्हणाले. वेंडेल मध्ये पडला, आई, हे तुमचं जुनं प्रकरण आहे, यात मेळाव्याचा काय संबंध. मी त्याला म्हटलं की सरसाचे ओघळ जुने चालतात तुला, तर हेही चालव. तो वरमला. थर्लो बराच वेळ त्या सरळ टिपेवरून अंगठा फिरवत राहिले आणि शेवटी कितीला यायचं ते विचारलं.

आसुंताला मी फोन केला तर ती माझ्यावरच उखडली. “मला औषधवाल्याचा दाखला नको लिओना. मला माहीत आहे मी काय शिवलं.” मी म्हटलं, तुला नको, रेमोला हवा आहे. शेवटी म्हणाली, येते, पण त्याची पायरी चढणार नाही.

आणि खरंच चढली नाही. रविवारी प्रार्थना आटोपून रेमो व्हरांड्यात बसला होता, सत्तरीचा, रेडिओवर कार्डिनल्सची बेसबॉल मॅच लावून. आसुंता चर्चचा निळा झगा घालून, पर्स दोन्ही हातांत धरून, पायऱ्यांच्या खाली उन्हात उभी राहिली. थर्लो टाय लावून आले होते. त्यांनी वर्ग घ्यावा तसं सगळं सांगितलं, किती गाड्या, कुठल्या गावात, कुठल्या महिन्याच्या. रेमोनं रेडिओ बारीक केला.

“जूनपर्यंत?”

“जूनचा दुसरा आठवडा.”

“माझी बहीण मार्चमध्ये गेली.”

“ते मला ठाऊक नाही,” थर्लो म्हणाले. “ती टीप कुणा एकीची असणं शक्य नाही, एवढं मी सांगू शकतो. सगळ्यांचीच तशी आहे.”

रेमोनं मान डोलावली. मी मैत्रीण होते, हा माणूस कुणाचाच नव्हता, म्हणून त्याचं खरं. त्यानं पायानं दुसरी खुर्ची पुढं सरकवली, आणि मला क्षणभर वाटलं की ती बहिणीसाठी. ती थर्लोंसाठी होती. त्यांना त्यानं कॉफी विचारली. मग खाली बघून तो आसुंताला म्हणाला, “हे तू मला तेव्हाच सांगायचं होतंस.”

“मार्चमध्येच सांगितलं होतं,” आसुंता म्हणाली. “तू जेवत होतास. जेवण संपवलंस.”

ती वळली. गाडीत बसल्यावर मी रागानं दार आपटलं. तिनं काच खाली केली आणि विचारलं, “रेक्झिन कुठलं आणलंय तुझ्या जावयानं?”

टीप तिनंच मारली. वेंडेलनं भाड्यानं जाड कापडाचं मशीन आणलं होतं. पहिल्यांदा आसुंतानं मुद्दाम वाकडी मारून पाहिली, पण बोटं ऐकेनात, सरळच जात राहिली. तेव्हा मी कडेचा तुकडा त्या जुन्या साच्यासारखा आखूड कापून दिला. तिनं तो जोडला, ओढला आणि नेहमीसारखी सरळ शिवत गेली. खांद्यापाशी टीप आपोआप बोटभर सुटली आणि खाली परत येऊन मिळाली. थर्लो चष्मा काढून बघत राहिले. वेंडेल हळूच म्हणाला, “म्हणजे हे शिवणाऱ्याचं नव्हतंच.” तेवढ्या वाक्यासाठी मला त्याचे सगळे ओघळ माफ करावेसे वाटले.

राहिला खडूचा आकडा, शिवणाऱ्या बाईनं बैठकीखाली टाकायचा तो. वेंडेलनं खडू आसुंतापुढं धरला आणि विचारलं, तुमचा आकडा कोणता होता. तिनं बैठक उलटी केली आणि तळाला आकड्याऐवजी पूर्ण नाव लिहिलं, आसुंता बर्तोलाझी, ठसठशीत. थर्लोंनी घसा खाकरला, याचा एक गुण जाईल. वेंडेलनं बैठक उचलली आणि बोल्ट घट्ट करायला घेतले. सप्टेंबरमध्ये एक गुण गेलाच. परीक्षकानं शेरा लिहिला, कारखान्याबाहेरचं लिखाण. कारखान्याबाहेरचं! तो कागद मी फाडणार होते, वेंडेलनं काढून घेतला.

पुढच्या वसंतात रेमोच्या नातीचं लग्न ठरलं आणि मुलगी कापड घेऊन आसुंताकडे आली. आजोबांनी पाठवलं म्हणाली. आसुंतानं झगा शिवला, आणि हिलवर त्या वर्षी तसा दुसरा झाला नाही. जेवणाच्या वेळी रेमो टेबलाटेबलावरून सांगत फिरला, ही माझ्या बहिणीची शिवण, तिच्यासारखा हात या गावात नाही, मी पहिल्यापासून म्हणतो. मी पहिल्यापासून म्हणतो! मी केकची बशी बाजूला सारली. आसुंता माझ्या कानाशी म्हणाली, खा, साखर वाया जाईल. त्यानंतर चार वर्षांनी रेमो गेला. बहिणीची माफी त्यानं मागितली नाही ती नाहीच.

गेट्झ त्याच्याही आधी फ्लोरिडात वारला, पूर्ण पेन्शन घेऊन, मासे पकडत. थर्लोंनी पुढं किंगबर्डवर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात त्या टिपेला अर्धं पान आहे आणि कारण दिलंय, झिजलेला साचा. साच्याचं नाव आलं, तिचं नाही. मी त्यांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती निघण्याआधीच तेही वारले. आसुंतानं लाँड्री सोडली आणि हिलवरच्या नववधूंचे झगे शिवले, नजर अधू होईपर्यंत. २००३ मध्ये ती गेली. तिला घातलेला निळा झगा मी शिवला होता.

वेंडेल आता गुडघ्यांनी बेजार आहे. त्यानं किंगबर्ड अ‍ॅरिझोनातल्या एका माणसाला विकली, आणि विकताना त्याला बजावलं की ड्रायव्हरच्या बैठकीखालचं नाव पुसायचं नाही. माणूस हो म्हणाला. पण खडू तो. आत साफसफाई करताना कुणी ओलं फडकं फिरवलं असेल तर गेलंही असेल. दर सप्टेंबरला मी वेंडेलला म्हणते, त्या माणसाला फोन करून विचार. तो विचारतो म्हणतो.