लासुर्ण्याजवळचे लाल गाव

लासुर्ण्याच्या पूर्वेला अडीच एकरांचे एक गाव उगवले होते. त्याला नाव नव्हते, ग्रामपंचायत नव्हती, महसुली नोंद नव्हती. ते होते केवळ करुणाच्या संगणकावर, लालभडक. उपग्रहाच्या चित्रावरून इंदापूर तालुक्यातील कोणती जमीन कशाखाली आहे, हे सॉफ्टवेअरकडून रंगवून घ्यायचे: ऊस नि फळबागा हिरव्या, पाणी निळे, वस्ती लाल. करुणाचा हा पहिलाच स्वतंत्र नकाशा.

"परवा नकाशा छपाईला जाईल," आदल्या दिवशी बारामतीच्या कार्यालयात विजयसिंह सरांनी बजावले होते. "हे गाव काय आहे ते पुराव्यानिशी सांगा. नाहीतर काम तुमच्या शेजारी बसणाऱ्या विशालकडे जाईल आणि नकाशावर नावही त्याचेच लागेल."

म्हणून सकाळी आठलाच करुणा स्कूटीवरून तेथे पोहोचली, आणि पाहते तो काय! डाळिंबाची बाग साड्या नेसून उभी. उन्हाने फळ भाजू नये म्हणून ओळीच्या ओळी जुन्या साड्यांनी झाकल्या होत्या. गुलाबी, पिवळ्या, जरीच्यासुद्धा. सॉफ्टवेअरला ती रंगीत पत्र्यांची घरे वाटली होती. करुणाला हसू आवरेना.

"कोन गं तू? माज्या बागंला हसतीस व्हय?" मालकीणबाई कुशाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या ठाकल्या.

करुणाने मोबाइलवरचा नकाशा दाखवताच त्याही खो खो हसू लागल्या. पण सरांना धाडलेल्या फोटोचे उत्तर कोरडे आले: "असा फोटो कोणत्याही बागेचा असेल. उपग्रहाचे चित्र हवे."

उपग्रह आजच अकराच्या सुमारास डोक्यावरून जाणार होता.

"मावशी," करुणा चाचरली, "साड्या तेवढ्या उतरवता येतील का? अकराच्या आत?"

"परवा तोडनी हायेच. आजच काडू की!" कुशाबाईंनी शेजारच्या रानाकडे हाक दिली. "बानूबाई! समद्यांना घिऊन ये, उपग्रह येतोय!"

"जेवायला हाय का त्यो?"

"न्हाय, वरच्यावर जानार हाय!"

वीस बायका बागेत शिरल्या आणि एकच धमाल उडाली.

"अगं, ही माज्या लग्नातली! कुनी आनली हितं?"

"तुज्याच सुनंनं दिली!"

"येऊ दे घरी तिला!"

करुणाही ओढणी कमरेला बांधून धावत होती, घड्याळ पाहत होती, डाळिंबाच्या काट्यांनी ओरबाडली जात होती आणि हसत होती. पावणेअकराला शेवटची साडी उतरली. आभाळ निरभ्र होते. साऱ्याजणी माना वर करून उभ्या राहिल्या.

"आमी दिसतो का गं?"

"नाही हो. चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा. एक माणूस त्यात दिसणार नाही."

"मग समद्याजनी एका ठिपक्यात उभ्या ऱ्हाऊ!" कुशाबाईंनी हुकूम सोडला, आणि वीसच्या वीसजणी एकमेकींना चिकटून आभाळाकडे हात हलवू लागल्या.

संध्याकाळी नवे चित्र हाती आले. करुणाने सॉफ्टवेअरकडून ते पुन्हा रंगवून घेतले. लाल गाव नाहीसे झाले होते. तेथे फळबाग होती, हिरवीगार. विजयसिंह सरांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून बराच वेळ न्याहाळली, आणि नकाशाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने तिचे नाव टंकले.

करुणाने तत्काळ फोन लावला. "मावशी, माझेच नाव लागले!"

"लागनारच. वीस बायकांनी कंबर मोडून घेतलीया." कुशाबाईंचा आवाज चढला. "परवा सातला तोडनीला यायचं. धा क्रेट भरल्याबिगर सोडनार न्हाय तुला!"

"सहालाच येते!" करुणा म्हणाली, आणि कार्यालयात सर्वांदेखत तिने एक गिरकी घेतली.