रिकामा महिना

“म्हणजे फुकट्या टोपी बदलून परत गाडीत चढतो, असंच ना?” नातीला मांडीवर थोपटत कंडक्टरांनी विचारलं.

“अगदी तसंच, बाबा!” लेक संगणकावरून वळली. “शरीर विषाणूचा चेहरा ध्यानात ठेवतं, तर हा चेहराच बदलतो. कधी बदलेल, मग किती वाढेल, त्याचं मी गणित मांडते.”

“मग बूट बघायचे त्याचे.”

“बूटही बदलतो मेला!”

कंडक्टर हसले. जन्म तिकिटं फाडण्यात गेलेला; लेकीचं गणित त्यांच्या डोक्यावरून जायचं. पण लेकीलाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. बाबांना पित्त आहे, असं घरात सगळे धरून चालले होते. खरं दुखणं यकृतात ठाण मांडून बसलेल्या विषाणूचं होतं. औषध चालू होतं, आणि संशोधनासाठी म्हणून दर महिन्याला ते इस्पितळात गुपचूप रक्त देऊन येत. पोटुशा पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून तेव्हा बोलले नाहीत, आणि मग ते राहूनच गेलं. नमुन्यावर नाव नसतं, हे नर्सबाईंनी सांगितलं होतं. एकदा चुकले तेव्हा त्या रागावल्याही होत्या, “सगळे येतात, खंड पाडणारे तुम्ही एकटेच!”

“हा बघा माझा लाडका पेशंट.” लेकीने पडद्यावर बोट ठेवलं. रेघ खाली उतरत गेली होती आणि शेवटी पुन्हा वर चढली होती. “औषधाने दबला होता विषाणू, आता निसटला. मी म्हटलं होतं तिथेच!” तिचा चेहरा नुसता फुलला होता.

“अन् हे मध्ये रिकामं कशाने?”

“जुलैत आलाच नाही हा. बेशिस्त माणूस.”

जुलैत नात झाली होती. लेकीचं काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि कंडक्टर तिच्या खाटेपासून हलले नव्हते.

त्यांना भीती वाटत होती आणि लेकीचा अभिमानही, दोन्ही एकदमच. आता करायचं काय?

“तुझं गणित चुकू शकतं का गं?”

“चुकलं असतं तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती, बाबा.”

“त्या माणसाचं काय आता?”

लेकीचा हात थांबला. “औषध बदलून बघतील... माझ्याकडे नुसता नंबर येतो हो.”

“बरोबर आलं ना तुझं? मग झालं.” त्यांनी नातीचं झबलं उगाच सारखं केलं.

पुढच्या खेपेला नर्सबाईंनी दार उघडलं, तेव्हा कंडक्टर बाकावर बाही वर करून बसले होते.

“आज इतक्या लवकर?”

“घ्या,” ते म्हणाले. “आता खंड पडायला नको.”