बाबाच्या हाताची ग्रिप

"नळी कॅमेऱ्याजवळ आण, विश्वजित. अजून जवळ!"

आमटी-भात ताटात गार होत होता आणि बाबाने मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात त्याची लेक पूर्वी नुसती धुमसत होती. आज तीन वाजता तिच्या शाळेच्या नेमबाजी क्लबने पालकांना बोलावलं होतं. आठवडाभर कानीकपाळी ओरडूनही बाबाचं आपलं एकच, "बघू गं." आणि पुण्यातल्या चुलतबहिणीसाठी, चारुतासाठी मात्र जेवणसुद्धा सोडलं होतं!

पिस्तूल बाबाचंच. बत्तीस बोअरचं, सेंटरफायर, म्हणजे पिन गोळीच्या मध्यावर बसणारं. जपानला बदली झाली तेव्हा ते त्याने रीतसर धाकट्या भावाच्या लायसन्सवर चढवलं. इथल्या कायद्यात ते आणायचं नावच नको. आता काकाची लेक त्यावर शिकणार, म्हणून कमी झटक्याचं बावीसचं रिमफायर किट घ्यायचं चाललं होतं. बावीसच्या गोळीला पिन मध्यावर नाही, कडेवर बसते. म्हणून नळी, स्लाइड, मॅगझिन असं वरचं सगळं बदलायचं. खालचा ट्रिगर आणि धरायची लाकडी ग्रिप तेवढी जुनीच.

"दोन किट आहेत, दादा," रेंजवरून विश्वजितकाका म्हणाला. "एक हलकं, एक जड."

मध्येच चारुताने स्क्रीनमध्ये डोकं घुसवलं. "हाय पूर्वी! तुझं ते बिनगोळीचं बीम पिस्तूल म्हणजे टॉर्चच ना गं? बटण दाबलं की उजेड?"

"टॉर्चने नेम धरून दाखव, मग बोल," पूर्वी फणकारली. पण कानशिलं तापलीच.

"बरं बाई, तूच सांग. कुठलं घेऊ?"

पूर्वीला उत्तर पाठ होतं. वजन मूळ पिस्तुलाएवढंच हवं, नाहीतर उद्या बत्तीसवर गेल्यावर हात गोंधळतो. बाबानेच तर शिकवलं होतं, चॉपस्टिकच्या टोकाला एकदा हलकी, एकदा जड मिठाची पुडी बांधून!

"हलकं घे," ती गोड आवाजात म्हणाली. "तुला झेपेल."

बाबाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग मोबाइलकडे वळून म्हणाला, "पूर्वी चेष्टा करतेय. जडच घ्या."

पूर्वीला वाटलं, सिंकमध्ये वाहून जावं.

"अजून एक, दादा," काकाचा आवाज खाली आला. "ग्रिप तुझ्या हाताची आहे ना. हिच्या मुठीत नाचते. घासू का?"

त्या लाकडात बाबाची बोटं होती. कॉलेजात असताना त्याने स्वतः कानस चालवून बसवलेली, एकेक खाच. आईपेक्षाही जुनी ओळख, असं आई चिडवायची. आणि ती ग्रिप आता चारुताची होणार? नाही म्हण ना बाबा!

"घास," बाबा म्हणाला. "अंगठ्याकडून सुरुवात कर. एकदम जास्त काढू नकोस."

फोन ठेवून त्याने गार भात संपवला. ताट विसळलं. मग हात पुसत विचारलं, "तीनला ना? कुठल्या स्टेशनला उतरायचं?"

क्लबमध्ये शिकवणाऱ्या ओकादा-सेन्सेईंनी पालकांनाही एकेकदा बीम पिस्तूल हातात दिलं. कोणी हसत, कोणी दोन्ही हातांनी धरून नेम धरत होतं. बाबाची पाळी आली. त्या, त्याच्या मापाच्या नसलेल्या प्लास्टिकच्या ग्रिपवर त्याने बोटं दोनदा इकडेतिकडे सरकवली. कुठेच खाच सापडेना. मग हात उचलला आणि श्वास थांबवला.

पीं.

उजेडाला झटका नसतो. तरी बाबाचं मनगट किंचित वर उडालं, जुन्या सवयीने, आणि हवेतच थबकलं. मागे पूर्वीच्या मैत्रिणी खुदकन हसल्या.

पूर्वी हसली नाही. स्क्रीनवर किती गुण आले, तेही तिने पाहिलं नाही. ती बाबाचा हात सावकाश खाली येताना पाहत राहिली. मग त्याने पिस्तूल टेबलावर ठेवलं, दोन्ही हातांनी, आणि त्या पिस्तुलालाच वाकून नमस्कार केला.