गार लादीवरचे बियाणे

मित्रांनो, मला पायपुसणे म्हणू नका. ते माझे मधल्या काळातले काम होते, ओळख नव्हे. मी तागाची गोणी आहे. वयाने जुनी, कडेला ठिगळ लावलेली, पण वीण अजून घट्ट. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत रामा आणि तुळसा यांच्या घरी मी राहते. या घरचे भात माझ्या पोटात रुजते. हे मी ऐटीत सांगते, कारण ऐट करावी असेच ते काम आहे.

माझा जन्म दूर बंगालातल्या गिरणीत झाला. पोटात साखर भरून मी महाडच्या बाजारात उतरले. साखर संपली तशी दुकानदाराने मला रिकाम्या गोण्यांच्या ढिगावर फेकले. रामाने त्या ढिगातून मला उचलले, उजेडाकडे धरून माझी वीण पाहिली, ताणून पाहिली, वासही घेतला. मुलगी बघायला आलेली माणसेही इतकी चिकित्सा करत नसतील! मग मला खांद्यावर टाकून त्याने एस.टी. पकडली.

घरी मी पुष्कळ कामे केली. भात गिरणीवर नेले, पावसात रामाच्या डोक्यावर खोळ होऊन बसले. पण मानाचे काम वेगळेच होते. आमच्याकडे कधीकधी पाऊस इतका कोसळतो की पेरून वाढवलेले भाताचे रोप वाहून जाते आणि नवे रोप वाढवायला वेळ उरत नाही. अशा वेळी बी भिजवून गोणीत बांधतात, त्याला मोड आणतात आणि मोडाचे बी थेट चिखलात फेकतात. याला आमच्याकडे रहू म्हणतात. तुळसा मला बियाने भरून चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवी आणि वर दगड ठेवी. पाणी ती देई, ऊब चूल देई, आणि श्वास घ्यायला वाट मी देई. हो, बी श्वास घेते! प्लास्टिकच्या पोत्यात ते गुदमरते, आंबते. माझ्या विणीतून त्याला हवा मिळते. जास्तीचे पाणी निथळून खाली जाई आणि शेणाने सारवलेली जमीन ते मुकाट पिऊन टाकी.

"ही गोणी नाय, सुईण हाय माझी," असे तुळसा शेजारणींना सांगे. मी ते ऐकून फुगत असे.

पुढे दिवस बदलले. रामा-तुळसाचा मुलगा मंगेश मुंबईला एका गोदामात कामाला लागला. त्याने आईसाठी नवे स्वयंपाकघर बांधून दिले. गॅस आला, फ्रिज आला, जमिनीवर गुळगुळीत लादी आली. जुनी चूल फोडली. लादीवरून ओल्या पायाने माणूस घसरते, म्हणून मला मागच्या दारात अंथरले. ज्या पोटात बी रुजले त्याच पोटावर चिखलाचे पाय! मला वाईट वाटले, फार वाटले.

त्या दारात माझ्यावर सगळ्यात जास्त वेळ कोण उभे राही, सांगू? सलोनी, मंगेशची बायको. तिथेच मोबाईलला रेंज मिळे. सलोनी मुंबईतच वाढलेली. पण मंगेश चार माणसांत एका खोलीत राहायचा, म्हणून लग्न झाल्यापासून ती इथे सासूसासऱ्यांजवळ होती. "खोली कधी बघतोस रे?" असे ती विचारी. फोन संपला तरी ती बराच वेळ तशीच उभी असे. तुळसेला ते दिसे.

मग तो आषाढ आला. वरच्या उतारावरची माती ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली आली आणि आमचे सगळे रोप गाडून गेली. घरात पेंढ्याच्या दोरात आवळून बांधलेली लाल भाताची एकच मुडी उरली. ते बी रामाच्या आजोबांपासून घरात चालत आलेले. घाटात दरड पडून रस्ता बंद होता, आणि तो उघडून महाडहून बियाणे येईपर्यंत पेरणीची वेळ टळून गेली असती.

"हे रुजलं तर शेती," रामा म्हणाला, "नायतर घराला कुलूप लावू नि मंगेशकडं जाऊ. मोठी खोली घेईल तो. एक साल शेत पडीक राह्यलं तर बांध ढासळतील, मग परत येऊन करायचं काय?"

तुळसा थेट मागच्या दाराकडे गेली. तिने दारातून मला उचलले, घासून धुतले आणि भिजवलेले बी माझ्यात भरले. मी धन्य झाले. पण तिने मला ठेवले कुठे? त्याच कोपऱ्यात! चूल नव्हती, पण हाताची सवय कुठे जाते? खाली गार लादी, बाहेर धो धो पाऊस, घरात गारठा. निथळलेले पाणी लादी पीत नाही, त्यामुळे मी माझ्याच पाण्यात बसून राहिले. खालच्या बियाला ना ऊब, ना हवा. मला सगळे कळत होते, पण गोणीला तोंड असले तरी बोलता थोडेच येते!

मोड यायच्या नेहमीच्या वेळी तुळसेने माझे तोंड सोडले आणि हात आत घातला. बी गार होते, आंबूस वास येत होता. तिने हात बाहेर काढून पदराला पुसला. "मेलं बी," ती म्हणाली. "सलोनी, टाक गो ते कोंबड्यांना."

सलोनीने मला उचलून पडवीत नेले. ओतण्यासाठी वाकवले आणि ती थांबली. कोपऱ्यात असताना माझी एक कूस शेजारच्या फ्रिजच्या पाठीला टेकलेली होती. त्या कुशीतल्या दाण्यांना तिळाएवढे पांढरे मोड आले होते.

मित्रांनो, ती नुसती गप्प बसली असती तरी पुरे होते. बी कोंबड्यांपुढे गेले असते, घराला कुलूप लागले असते आणि तिला मुंबई मिळाली असती. माझ्या काठावर तिची बोटे घट्ट आवळली गेली. मला तर तिची भीतीच वाटली.

"आई, इकडे या!" तिने हाक मारली. "मेलं नाहीये. या साईडला मोड आलेत बघा. ही साईड फ्रिजला लागली होती. फ्रिजची पाठ गरम असते, मी तिथे ओढणी सुकवते ना."

तुळसा धावत आली. मोड पाहून ती परत आत गेली, लादीवर तळवा टेकला, साचलेले पाणी पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय! मी चुलीमागं ठेवलं, पण चूल हाय कुठं?"

"मग सगळंच फ्रिजच्या मागं ठेवूया," रामा उत्साहाने म्हणाला. तेवढ्यात लाइट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे ती पाहुण्यासारखीच येते.

शेवटी तुळसेने कुजके दाणे काढून टाकले, उरलेले बी कोमट पाण्याने धुतले आणि मला पडवीत नेले. तिथे आंघोळीच्या पाण्याची चूल अजून पेटत होती. फळीवर पेंढा पसरून मला ठेवले, म्हणजे पाणी खाली निथळेल. रामा निखारे माझ्याकडे सरकवू लागला, तशी ती ओरडली, "अवो, भाजायचं नाय, उबवायचं हाय!" मग सासू आणि सून मला आळीपाळीने कूस बदलायला लावत राहिल्या. हळूहळू माझ्या पोटात ऊब धरली, आणि सगळ्या बियाला मोड फुटले. माझ्या विणीतून ते बाहेर डोकावू लागले. किती गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

बी चिखलात पडले, रुजले, खाचरे हिरवी झाली. कुलूप दुकानातच राहिले.

एकदा सलोनी दारात फोनवर बोलत होती. तुळसेने तिच्या हातातून फोन घेतला. "मंगेश, खोली बघ. लहान असली तरी चालंल. कापणी झाली का हिला घेऊन जा."

"आई, मग इथलं?" सलोनीने विचारले.

"इथलं आमी बघू. बियाला ऊब लागते, ती तूच मला दाखवलीस. मग तुला नको काय?"

सलोनी सासूच्या गळ्यात पडून रडली. तुळसाही रडली.

मित्रांनो, तुम्ही बी पेराल, कुंडीत किंवा शेतात. उगवले नाही तर लगेच बियाला नावे ठेवू नका. आधी त्याच्याखाली हात घालून बघा. पाणी साचले आहे का, गारठा आहे का, हवा कोंडली आहे का, ते पाहा. आणि माझ्यासारखी एखादी गोणी घरात असेल तर काम झाल्यावर तिला धुऊन कडक उन्हात वाळवा. पुष्कळदा बी चांगलेच असते, त्याची जागा तेवढी बदलावी लागते.