साठ डाव्या बाह्या

माझा धाकटा भाऊ शिंपी. कापणं-शिवणं त्याचं, काजं-बटणं माझी. एरवी स्वारी अशी, की आज विचारलं तर उद्या उत्तर. पण त्या आठवड्यात गडी नुसता सुटला होता. पहाटे चारला दुकान उघडायचा, गिऱ्हाइकाला टेप न लावता नजरेनंच मापं घ्यायचा. आणि मापं बरोबर निघायची, मेली! सगळी गल्ली खूश होती. मी सोडून.

त्याच्या मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं: त्याचे उदास दिवस कुणालाही कळतील, हे जरा जास्तच छान दिवस तुम्ही ओळखायचे. झोप कमी, बडबड जास्त, बेत डोंगराएवढे. तेव्हाच दाखवलं तर आवरतं, नाहीतर माणूस पुढे आपटतो. गेल्या खेपेला मी गप्प बसले आणि तो तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडला. ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नव्हती.

दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाला, "ताई, कधी नव्हे तो आनंदात आहे, तर तुला त्यातही रोग दिसतो?" वर शाळेच्या नाटकाचे तीस कोट दोन दिवसांत देतो म्हणून कबूल करून आला.

बाह्या कापताना कापडाचा एक थर सुलट, एक उलट ठेवतात, म्हणजे जोडी निघते. पठ्ठ्यानं सगळे थर सुलटच रचले आणि दुपारपर्यंत कात्री चालवली. मी एक बाही कोटाला लावून पाहिली, दुसरी पाहिली, मग सगळा गठ्ठाच उपसला. साठच्या साठ डाव्या.

आधी संताप आला, मग हसू फुटलं. तोही पोट धरून हसला. हसता हसता एकदम थांबला.

"वीस वर्षांत असं कधी झालं नाही माझं," म्हणाला. "ताई, चल दवाखान्यात."

गोळ्या बदलल्या, झोप परतली. नाटक पंधरा दिवस पुढे गेलं, कुणाचं काही अडलं नाही.

परवा इस्त्री करताना तो गुणगुणायला लागला. माझी सुई थांबली. त्यानं ते पाहिलं आणि भीत भीत विचारलं, "हेही दाखवायला जायचं का गं?"

रात्री आठ तास घोरत होता, मीच ऐकलं होतं. माझे डोळे भरून आले.

"नाही रे, हा आनंद घरचाच आहे," मी म्हटलं. "फक्त जरा सुरात गा."