दुसरा मणी

आमच्या छकुलीले केळं बिलकूल आवडत नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत मी भावाच्या गावी, धाडले आली, तं पायल तिच्या तोंडात केळ्यावर केळं कोंबून राह्यली होती. पायल म्हणजे माही भावजय. मी म्हटलं, "काऊन वो, पोरगी नाही म्हणते तं कायले जबरदस्ती?"

"ताकद येते, ताई," ती म्हणे, अन् माह्याकडं न पाहता सालं फेकायले मागच्या दारी गेली. मले तेव्हाच खटकलं. पण नणंदेनं आल्या आल्या तोंड घातलं की घरात वाजते, म्हणून मी गप बसली.

मी जानेफळले शाळेत शिकवते. सुट्टीत माह्या भावाच्या, प्रेमानंदच्या घरी येते. तो धाड-बुलढाणा जीप चालवते, दिवसभर घरात नसते. त्याच्या दोन पोरी. प्रेरणा नऊ वर्षांची, छकुली चार. मी आली की दोघी माह्या पिशवीवर तुटून पडतात, की आत्यानं काय आणलं. ह्या खेपेले मी एका बिघडलेल्या स्पीकरमधलं काळं लोहचुंबक आणलं होतं.

पण त्यांच्याजवळ आधीच चुंबक होते. बाजारातून आणलेले चमकदार मणी, हरभऱ्याएवढे. दोरा नाही, काही नाही, एकाले एक चिकटून माळ तयार. पोरी नवरी-नवरी खेळून राह्यल्या होत्या. एक मणी नाकाच्या आतून, एक बाहेरून, झाली नथ! पाहूनच माह्या अंगावर काटा आला. बारकं चुंबक पोटात गेलं तं काय होते, हे मले मालूम होतं.

"आणा इकडं सगळे," मी म्हटलं. "कोणी गिळला तं नाही ना?"

दोघी पोरी आईच्या तोंडाकडं पाहू लागल्या.

"नाही वो ताई," पायल म्हणे. "लेकरं काय येडी आहेत?"

मी मणी डब्यात घातले अन् डबा फळीवर वरती ठेवला. मग पोरींचं तोंड पडू नये म्हणून काचेच्या बाटलीत पाणी भरलं, आत टाचणी टाकली. स्पीकरचं चुंबक बाटलीले बाहेरून लावलं अन् हळूहळू वर सरकवलं. टाचणी काचेले चिकटून वर वर आली, हाताले पाण्याचा थेंब न लागता बाहेर. छकुलीनं टाळ्या पिटल्या. प्रेरणा मात्र बाटलीच पाहत राह्यली.

"आत्या, म्हणजे आत अडकलेलं कुठूनबी ओढता येते?"

"लोखंड असलं की येते," मी म्हटलं. "शाब्बास, डोकं चालते तुह्यं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी छकुलीनं उलटी केली. मग आणखी एक. पोट धरून कण्हू लागली. पायल म्हणे केळी जास्त झाली असतीन. शेजारची वच्छलाबाई मीठ-मोहरी घेऊन आली अन् पोरीवरून ओवाळून गेली. आमच्या घरात हे असलं कोणी करत नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली हे चाललं होतं, अन् पायल खालमानेनं उभी होती. मले तिचा राग आला. पण रागापेक्षा जास्त भीती वाटली, काऊन की पायल पुन्हा पुन्हा पोरीचं पोट दाबून पाहून राह्यली होती.

दुपारी छकुलीले जरा बरं वाटलं. म्हणे, "आत्या, जादू दाखव." मी प्लास्टिकच्या टबात पाणी घेतलं. शिवणाची सुई चुंबकावर एकाच बाजूनं घासली, बदामाच्या पानाचा तुकडा पाण्यावर सोडला अन् त्यावर सुई अलगद ठेवली. चुंबक दूर चुलीपाशी नेऊन ठेवलं. पान फिरलं अन् थांबलं. सुई उत्तर-दक्षिण.

"कशीबी फिरवा, ती तिकडंच पाहते," मी म्हटलं.

छकुली टबाच्या काठाले पोट टेकवून वाकली. सुई हलली. सुई उत्तर सोडून पोरीच्या बाजूनं वळली.

"माह्याकडं पाहते! माह्याकडं पाहते!" छकुली ओरडली.

मले वाटलं लबाड पोरीनं खिशात मणी लपवला. मी खिसे पाह्यले. रिकामे. मुठी उघडून पाह्यल्या. रिकाम्या. मी तिले मागं सरकवलं. सुई आपल्या जागेवर गेली. पुढं घेतलं. सुई परत तिच्या पोटाकडं वळली. छकुली खुशीनं हसून राह्यली होती अन् मले ते हसू पाहवत नव्हतं.

"पायल!" मी एवढ्या जोरानं ओरडली की ती धावतच आली. टब पाह्यला, सुई पाह्यली, अन् तिनं तोंडावर पदर घेतला.

"एकच गिळला वो ताई. तुम्ही यायच्या आधी. वच्छलाबाई म्हणे केळं चार, आपोआप निघते. तिच्या पोरानं रुपया गिळला होता तं तसाच निघाला. ह्यांले कळलं असतं तं मारलं असतं मले. अन् तुम्ही शिकलेल्या, तुम्ही नावं ठेवली असती."

"आग लागो तुह्या केळ्याले!" मी म्हटलं. पण मनातून जरा धीर आला. एकच असला तं निघूनबी जाते. फक्त एकच असला पाह्यजे.

मी प्रेमानंदले फोन लावला, छकुलीनं मणी गिळला, जीप घेऊन ये म्हटलं. पायल छकुलीचे कपडे भरू लागली. तेवढ्यात प्रेरणानं माहा हात धरला अन् मले मोरीपाशी ओढत नेलं. पोरीचं तोंड पांढरंफट पडलं होतं.

"आत्या, दोन आहेत."

"काय दोन?"

"आई तिले रोज केळं चारे, मारे, अन् मणी निघेच ना. म्हणून काल रात्री झोपायच्या आधी मी डब्यातला एक दिला तिले. पाण्यासंगं. विहिरीत बादली पडली की बाबा गळ सोडतात ना, गळ बादलीले धरते, अन् दोन्ही वर येतात. मले वाटलं ह्यो मणी त्याले धरून बाहेर काढीन."

तिचा हिशेब बरोबरच होता. दुसरा मणी पह्यल्याले धरणारच होता. पण मधात आतडं होतं. एका वेटोळ्यात एक, दुसऱ्या वेटोळ्यात दुसरा, अन् मधली कातडी चिमटीत. ती चिमटी सुटत नाही. आतडं तिथं सडते, भोक पडते.

"कोणाले सांगू नको," मी म्हटलं. "डॉक्टरले मी सांगते."

बुलढाण्याच्या रस्त्यानं छकुली आधी किंचाळत होती. मग नुसती कण्हत होती. मग गप झाली. पायल म्हणे, "डोळा लागला वाटते, आराम पडला." मी पोटावर हात ठेवला. पोट पाटीसारखं कडक झालं होतं. मी प्रेमानंदले म्हटलं, "जोरात घे, बाप्पा, जोरात घे!" मी देवाले मानत नाही, तरी त्या रस्त्यानं मी कोणाकोणाच्या विनवण्या केल्या, माहं मले मालूम.

दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढला. दोन मणी एकमेकांले चिकटलेले, त्यांच्या मधात बारीकशी फट, ती फट म्हणजे आतडं. मी डॉक्टरले बाजूले घेऊन सांगितलं, दोन वेगवेगळ्या वेळी गेलेत म्हणून. कोणी दिला हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पोरीले लगेच आत नेलं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. दार उघडून डॉक्टर बाहेर आला.

"वाचली," डॉक्टर म्हणे. "आतड्याचा तुकडा काढावा लागला. अजून दोन-तीन दिवस धोका आहे. एकटा मणी असता तर बहुतेक निघून गेला असता. घात केला तो दुसऱ्यानं. दुसरा कसा गेला?"

प्रेमानंद ताडकन उठला. "दुसरा कोणी दिला? पायल, तू दिला?"

"मी नाही वो! पोरींची शपथ!"

प्रेरणाची नखं माह्या तळहातात रुतली. मी तिच्याकडं पाह्यलं. पोरगी तोंड उघडणारच होती. अन् मले एकदम दिसलं, की हे तिनं इथं सांगितलं तं बाप आज मारीन ते एक वेळ बरं, पण हे तिच्या मागून कधी जाणार नाही. घरात, भावकीत, तिच्या लग्नाच्या मांडवातबी कोणीतरी म्हणीन, हीच ती बहिणीले मणी चारणारी. नऊ वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर एवढं वझं मले ठेववलं नाही.

"मी दिला," मी म्हटलं.

"अक्का, तू?" प्रेमानंद म्हणे.

"पह्यला गिळल्याचं मले कळलं होतं. वाटलं दुसरा त्याले ओढून आणीन. प्रयोग म्हणून दिला."

प्रेमानंदचा हात वर गेला अन् तसाच राह्यला. मोठ्या बहिणीवर हात टाकायचं त्याले जमलं नाही. पायलच्या तोंडाकडं मी पाह्यलं. तिले माहीत होतं मी खोटं बोलून राह्यली. सुई वळायच्या आधी मले काहीच मालूम नव्हतं, हे तिच्याशिवाय कोणाले ठाऊक असणार? पण तिनंबी लपवलं होतं, अन् आता ते झाकायले तिले कोणीतरी पाह्यजेच होतं.

"आजपासून माह्या पोरींजवळ यायचं नाही, ताई," ती सावकाश म्हणे. "एकीच्याबी नाही."

"बरं," मी म्हटलं.

तिनं प्रेरणाचा दंड धरून तिले आपल्याकडं ओढलं. प्रेरणानं मान वळवून माह्याकडं पाह्यलं, सांगायले तोंड उघडलं. मी मान हलवली, नको म्हणून.