पुठ्ठ्यातले आठ व्हॉल्व्ह

"गाढवा, उलटं धरलंयस ते!" पोर्चमधून बारकी ओरडली आणि पाठोपाठ दोघं बहीणभाऊ खो खो हसत सुटले.

स्वयंपाकघरात सुईबाईंनी पातेलं जरा जोरातच आपटलं. एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात? इंजिनाचा कुठलासा तुकडा उलटा धरला, बास. सुईबाईंच्या हातून असं काही झालं असतं तर याच भावानं, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, नुसतं एकदा बघितलं असतं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं असतं.

सुईबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं लोकांचं रक्त काढल्यावर दुसरं काय नाव पडणार? नवरा वीज कंपनीत मीटरचे आकडे घ्यायला जायचा. दिवसभर लोकांच्या भिंतींकडे तोंड करून उभं राहिल्यामुळे असेल, घरी तो तोंड उघडायचा ते फक्त जेवायला. सुईबाईंनी ते केव्हाच मान्य करून टाकलं होतं. माणूस घुम्या आहे पण सरळ आहे, देवानं त्याला बोलणंच दिलेलं नाही, असं त्या मैत्रिणींना सांगायच्या, आणि सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटायचा.

मग बारकी आली. नवऱ्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी बारकीच. सासरी बिनसलं म्हणून एक बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि "थोडे दिवस राहते, वहिनी" म्हणाली. सुईबाईंनी बॅग आत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीनं पोर्चमधल्या जुन्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. ती दोघा बहीणभावांच्या वडिलांची गाडी. वडील गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

"दादा, इंजिन उघडायचं का रे? आपण दोघांनी?"

आणि हा दादा, जो गळका नळ बदलायला तीन महिने लावतो, तो चहा अर्धवट टाकून पान्यांची पेटी शोधायला उठला!

तेव्हापासून देवानं बोलणं न दिलेला माणूस पोर्चमध्ये नुसता बडबडत होता. आठवीत नापास झाल्यावर याच गाडीच्या मागच्या सीटखाली दिवसभर लपून बसल्याचं त्यानं सांगितलं. वडिलांनी एकदा रस्त्यात बंद पडलेली गाडी तुटलेल्या पट्ट्याच्या जागी आईची ओढणी बांधून घरी आणली होती, तेही सांगितलं. सुईबाई खिडकीशी उभ्या राहून भाजी निवडत ऐकायच्या. यातलं एक अक्षर त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्यांचा चक्क जळफळाट होत होता.

एकदा त्या चहा घेऊन बाहेर गेल्या आणि मुद्दाम रेंगाळल्या. एका उपड्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडून त्यात आठ दांडे खोचून ठेवले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर लोखंडी चकती, शेजारी पेनानं आकडा.

"हे काय आहे?"

"व्हॉल्व्ह," नवरा म्हणाला. संपलं.

बारकीनंच मग सांगितलं. "वहिनी, हा प्रत्येक आपापल्या बैठकीवर घासून घासून बसवलाय आम्ही. एकाची बैठक दुसऱ्याला चालत नाही. हे बघा, हात मोडले माझे. तुमच्या लॅबसारखंच आहे, नंबर चुकला की सगळं मुसळ केरात."

ती प्रेमानं सांगत होती, आणि सुईबाईंना त्याचाच जास्त राग आला. आपल्याच नवऱ्याचं काम आपल्याला दुसऱ्या बाईनं समजावून सांगायचं, मग ती त्याची सख्खी बहीण का असेना.

तरी त्यांनी एक प्रयत्न केला. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आपणही तिथे बसू, काही पुसायला देतील, काही धरायला देतील, असा त्यांचा बेत होता. येताना तिघांसाठी खायलाही घेतलं. घरी येऊन बघतात तर दाराला कुलूप. फोन केला तर मागे बाजाराचा गलका आणि नवऱ्याचा आवाज, "अगं, गॅस्केट घ्यायला आलोय. इकडेच खाल्लं आम्ही. तू जेवून घे."

आम्ही.

पोर्चमध्ये तो पुठ्ठा तसाच होता. सुईबाई त्याच्यापुढे पिशवी हातात धरून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकाच्या रक्ताची नळी दुसऱ्याच्या नावावर गेली नव्हती. एवढ्या एका गोष्टीमुळे लॅबमधले डॉक्टरही त्यांना वचकून असायचे. त्यांनी पिशवी खाली ठेवली. सारख्या मापाचे दोन बघून चार नंबरचा व्हॉल्व्ह उपसला, पाचच्या जागी खोचला, पाचचा चारमध्ये. मग आत जाऊन हात धुतले, आणि एकट्याच जेवायला बसल्या.

रविवारी इंजिनाचा वरचा भाग जोडून झाला. व्हॉल्व्ह नीट बसलेत का ते बघायला नवऱ्यानं तो उपडा करून त्याच्या चारही खळग्यांत रॉकेल ओतलं. ते तसंच साचून राहायला हवं होतं. पहिल्यात राहिलं, चौथ्यात राहिलं. मधल्या दोन्हींतून भराभर गळून गेलं. त्यानं व्हॉल्व्ह काढले, चकतीची कड उजेडात फिरवून बघितली.

"अदलाबदल झालीय. आता कुठला कुठे होता ते कळायचं नाही, मधले सगळे पुन्हा घासायला लागणार. पुठ्ठ्याला कोणी हात लावला होता?"

सुईबाई दारात उभ्या होत्या. त्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या.

"बारकी, परवा तू उचललास ना तो? कप ठेवायला?"

"उचलला होता, पण..."

"लहानपणापासून हेच! एक वस्तू धड ठेवशील तर शपथ. आठ दिवसांची मेहनत पाण्यात घातलीस."

बारकीनं एकदा वहिनीकडे बघितलं. मग मान खाली घातली. "असेल रे. माझ्याकडूनच झालं असेल."

दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून गेली. "बघते अजून एकदा जमतंय का," एवढंच म्हणाली. नवरा "रहा गं" म्हणाला, पण रुसलेल्या माणसासारखं, दुसरीकडे बघत.

आता पोर्चमधलं स्टूल रिकामं होतं आणि सुईबाई त्यावर बसल्या. व्हॉल्व्हला घासायची पेस्ट लावून दिली, दांडी तळहातांत धरून घुसळायला शिकल्या, आणि नवऱ्यापेक्षा स्वच्छ काम केलं. रोज संध्याकाळी दोघं शेजारी शेजारी. त्या वाट बघत होत्या. नवरा म्हणायचा, "दिवा जरा वर." नवरा म्हणायचा, "फडकं." चार संध्याकाळी गेल्या. शेवटी न राहवून त्याच म्हणाल्या, "ते आठवीत नापास झाल्यावर तुम्ही गाडीत लपला होतात म्हणे. सांगा ना."

नवऱ्यानं डोकं खाजवलं. त्यानं खरोखर प्रयत्न केला, हे त्यांना दिसलं.

"ते असंच... बारकी असली की आठवतं गं," तो म्हणाला. "एरवी नाही येत तोंडात."

तो पुन्हा कामाला लागला. सुईबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बारकीला घालवून दिलं होतं आणि नवऱ्याचं बोलणं तिच्याबरोबरच गेलं होतं. त्यांच्या वाट्याला एक स्टूल तेवढं आलं होतं.

इंजिन गाडीत चढवून झालं त्या दिवशी नवरा बाहेर शेवटच्या वायरी जोडत होता. सुईबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि फोन लावला.

"बारकी, ते व्हॉल्व्ह मी फिरवले होते."

"माहीत होतं, वहिनी. दादा मला बोलत होता तेव्हा तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत."

"मग सांगितलं का नाहीस तिथल्या तिथे?"

"सांगून काय झालं असतं? दादा चार दिवस चिडला असता आणि विसरला असता. तुम्ही विसरला नसतात." बारकीचा आवाज साधाच होता, रागाचा नव्हता. "मला पुन्हा कधी बॅग घेऊन यावं लागलं, तर दार तुम्हीच उघडणार ना, वहिनी."

इतके दिवस सुईबाई समजत होत्या की या घरात उपऱ्या आपणच आहोत.

बाहेर गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि एकदम धडधडायला लागली. "अगं ए! ये लवकर! चालू झाली!" नवरा ओरडला. त्यांनाच हाक मारली होती त्यानं. त्या तशाच फोन हातात घेऊन बाहेर आल्या.

"कोण आहे?"

"बारकी."

त्यानं पँटला हात पुसले आणि फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. "ऐकतेयस का? ऐक, ऐक!" म्हणत तो इंजिनावर धरला. मग आवाजात ऐकू येईना म्हणून फाटकाकडे निघाला, आणि जाता जाता म्हणाला, "तू आत बस. उष्णतेचा काटा लाल खुणेकडे गेला तर हाक मार, बंद करू."

सुईबाई गाडीत बसल्या. फाटकाशी नवरा हातवारे करत बोलत होता, हसत होता, मध्येच डोळे पुसत होता. त्यांच्या पोटात अजूनही दुखलं, नाही असं नाही. थोड्या वेळानं त्याला गाडीचं भान आलं असावं. त्यानं मागे वळून लांबूनच खूण केली, येऊ का, बंद करायचं का?

सुईबाईंनी काट्याकडे बघितलं, तो लाल खुणेपासून अजून लांब होता. मग काचेतून हातानंच सांगितलं, बोला तुम्ही.